स्टॉकहोममधली प्लास्टिकची श्वासनलिका: पेशी होत्या, रक्त नव्हते

९ जून २०११ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात एका ३६ वर्षांच्या रुग्णाच्या श्वासनलिकेचा रोगट भाग काढला गेला आणि त्या जागी प्लास्टिकची, खाली दोन फाटे फुटलेली नळी बसवली गेली. शल्यचिकित्सक होते पाओलो मॅकियारिनी. नळीवर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी ‘पेरल्या’ होत्या. त्या रुजतील, नळीला आतून अस्तर येईल आणि काही महिन्यांत ही निर्जीव नळी जिवंत श्वासनलिकेसारखी होईल, असे सांगितले गेले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. रुग्ण जानेवारी २०१४ मध्ये वारला.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा फसवणूक, नीतिमत्ता आणि संस्थांचे अपयश या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. पण शवविच्छेदनाच्या टेबलावर जे दिसले त्याचे कारण रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांतच शोधावे लागते. सगळ्या परवानग्या नीट घेतल्या असत्या, एकही शब्द खोटा लिहिला नसता, तरी ती नळी रुजली नसती. का, ते इथे भिंतीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत तपासायचे आहे.

रुग्ण आणि नेहमीचा उपाय

रुग्ण मूळचा इरिट्रियाचा, आइसलंडमध्ये शिकणारा. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फाटते तिथे त्याला म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा या प्रकारची कर्करोगाची गाठ होती. आधी शस्त्रक्रियेने ती कमी करून झाली होती, किरणोपचारही झाले होते. तरी ती पुन्हा वाढली. किरणोपचाराची ही नोंद लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येणार आहे.

प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण ११ सेंटिमीटर लांब असते, तिच्यात कूर्चेची १८ ते २२ अर्धवर्तुळाकार कडी असतात. बॉस्टनच्या हर्मीस ग्रिलो यांच्या कामातून शल्यशास्त्राला ठाऊक झाले की यातली जवळपास निम्मी लांबी कापून उरलेली टोके थेट एकमेकांना जोडता येतात. मान पुढे झुकवून आणि फुप्फुसाची मुळे मोकळी करून ताण घालवता येतो. त्याहून लांब भाग गेला, किंवा फाटाच गेला, की जोडायला काही उरत नाही. पर्यायी नळीची गरज तिथे उभी राहते. ती गरज खरी होती, हे आधी मान्य करायला हवे.

आतडे, रक्तवाहिनी, त्वचा यांच्यासमोर श्वासनलिका म्हणजे एक साधी पोकळ नळी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती बदलायला अतिशय अवघड आहे, आणि अडचण तिच्या रक्तपुरवठ्यात आहे. मूत्रपिंडाला एक धमनी आणि एक शीर असते. ती टाक्याने जोडली की अवयव जिवंत. श्वासनलिकेला असे एकच देठ नसते. वरून अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या खालच्या धमनीच्या बारीक फांद्या येतात, खालून श्वसनीच्या, म्हणजे फुप्फुसात जाणाऱ्या फाट्याच्या, धमन्यांच्या. या फांद्या नळीच्या दोन्ही कडांनी वरखाली जाळे विणतात आणि त्यातून कड्यांच्या मधल्या फटींतून बारीक वाहिन्या आत शिरतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. ती आतल्या अस्तराखालच्या जाळ्यावर जगते. म्हणून काढलेली श्वासनलिका तशीच दुसऱ्याला बसवली की कुजते.

नळी कशाची होती

साहित्य लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अलेक्झांडर सैफालियन यांच्या गटाने तयार केलेले होते: पॉस-पीसीयू. पीसीयू म्हणजे पॉलिकार्बोनेट युरेथेन, एक लवचीक प्लास्टिक. पॉस म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंचा साधारण नॅनोमीटरभर आकाराचा पिंजरा, जो त्या प्लास्टिकच्या साखळीला बाजूने टांगलेला असतो. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून मापे काढून, त्याच्या नळीच्या आकाराच्या साच्यावर ही नळी घडवली गेली.

साहित्य वाईट नव्हते. जुनी पॉलिइथर युरेथेन शरीरात गेली की भक्षक पेशी जो पेरॉक्साइड सोडतात त्याने तिचे इथर बंध तुटतात आणि पृष्ठभागावर तडे जातात. हृदयाच्या पेसमेकरच्या तारांच्या वेष्टनात हा दोष दिसला होता. कार्बोनेट बंध त्यापुढे बरेच जास्त टिकतात. पॉसच्या पिंजऱ्यांमुळे पृष्ठभाग पाण्याला दूर लोटतो, त्यावर प्लेटलेट कमी चिकटतात. हा गुण शोधला गेला होता तो कृत्रिम रक्तवाहिनीसाठी. तिथे काही चिकटू नये हीच अपेक्षा असते.

श्वासनलिकेत अपेक्षा नेमकी उलटी आहे. इथे पेशी चिकटायला हव्यात, सरकायला हव्यात, थर बांधायला हवेत. एका जागी गुण ठरलेली गोष्ट दुसऱ्या जागी अवगुण ठरते, आणि ‘जैवसुसंगत’ या शब्दाने हा फरक झाकला जातो. कोणतेही साहित्य निव्वळ जैवसुसंगत नसते. ते अमुक जागी, अमुक कामासाठी, अमुक काळापुरते सुसंगत असते.

३६ तास आणि अस्थिमज्जा

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नोव्हेंबर २०११ मध्ये छापलेल्या अहवालात कृती अशी दिली आहे: रुग्णाच्या अस्थिमज्जेतून एककेंद्रकी पेशी वेगळ्या केल्या, बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या यंत्रात, नळीवर ३६ तास फिरवून त्या चढवल्या, मग नळी बसवली. शस्त्रक्रियेनंतर १४ दिवस फिलग्रास्टिम (किलोमागे १० मायक्रोग्रॅम) आणि इपोइटिन बीटा (४०,००० युनिट) दिले. या औषधांनी शरीरातल्याच मूळपेशी रक्तात उतरतील आणि नळीवर जाऊन काम करतील, अशी कल्पना.

आता आकडे मांडून पाहू. अस्थिमज्जेच्या एककेंद्रकी पेशींत ज्यांना मेसेन्कायमल मूळपेशी म्हणतात त्यांचे प्रमाण ०.००१ ते ०.०१ टक्के असते, म्हणजे लाखात एक ते दहा. बाकीच्या पेशी लसिकापेशी, मोनोसाइट आणि रक्ताच्या इतर पूर्वज पेशी. यांपैकी कोणतीही पेशी श्वासनलिकेचे केसाळ अस्तर बनवत नाही. ते अस्तर बनते श्वासमार्गाच्याच तळपेशींपासून. प्रयोगशाळेत या तळपेशी पातळ पडद्यावर, खालून पोषकद्रव आणि वरून हवा अशा रचनेत वाढवल्या, तर त्यांना हलणारे केस फुटायला तीन ते चार आठवडे लागतात. म्हणजे पेशी चुकीच्या होत्या, त्यांना वेळ अपुरा होता, आणि ज्या नळीवर त्या बसल्या तिथे त्यांना जगवणारे काही नव्हते.

शेवटचा मुद्दा सर्वांत जड. ऑक्सिजन ऊतीतून विसरणाने पसरतो तो केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यापलीकडची पेशी तासा-दिवसांत मरते. नळीच्या भिंतीची जाडी दोन मिलिमीटर धरली तरी हे अंतर त्या मर्यादेच्या दहापट भरते. पेरलेल्या पेशींपैकी ज्या आतल्या बाजूला होत्या त्यांच्याकडे अंतर कापून येणारे रक्तच नव्हते.

भिंतीच्या बाहेरच्या बाजूने

कोणतेही परके साहित्य शरीरात गेले की घटनाक्रम ठरलेला असतो. पहिल्या काही सेकंदांत रक्त आणि ऊतिद्रवातली प्रथिने पृष्ठभागावर बसतात. आधी अल्ब्युमिनसारखी मुबलक, नंतर त्यांना हटवून फायब्रिनोजेनसारखी जास्त चिकट. यापुढे शरीराच्या पेशींना प्लास्टिक ‘दिसतच’ नाही, दिसतो तो हा प्रथिनांचा थर, आणि पाण्याला दूर लोटणाऱ्या पृष्ठभागावर ही प्रथिने वेडीवाकडी उलगडून बसतात. पहिले एक-दोन दिवस न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात. मग मॅक्रोफेज, म्हणजे परके कण गिळणाऱ्या भक्षक पेशी. त्यांना नळी गिळता येत नाही, म्हणून त्या एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या महापेशी बनतात आणि पृष्ठभागाला बिलगून आम्ल, पेरॉक्साइड व वितंचके सोडत राहतात. दोन ते चार आठवड्यांत भोवती कोलॅजनचे दाट तंतुमय कवच तयार होते. त्या कवचात रक्तवाहिन्या थोड्या असतात.

पेसमेकरच्या डबीला किंवा स्तनाच्या सिलिकॉन रोपणाला हे कवच चालते, कारण तिथे रोपणाने फक्त जागेवर राहायचे असते. श्वासनलिकेच्या नळीकडून अपेक्षा अशी की बाहेरून वाहिन्या भिंतीत शिराव्यात, भिंत ओलांडून आत याव्यात आणि आतल्या अस्तराला पोसावे. त्यासाठी भिंतीत आरपार, एकमेकांना जोडलेली छिद्रे हवीत. साहित्यशास्त्राला इथे बरेच ठाऊक आहे: ३० ते ४० मायक्रॉनच्या एकसारख्या, जोडलेल्या छिद्रांत कवच पातळ पडते आणि वाहिन्या जास्त शिरतात. छिद्रे आंधळी असली, म्हणजे पृष्ठभागावर असून आत कुठेच जात नसली, तर ती जिवाणूंची घरटी होतात. आणि छिद्रे आरपार केली की नळीतून हवा गळते. रक्तवाहिन्यांना आत सोडणारी भिंत हवेला अडवू शकत नाही, निदान पहिले काही आठवडे तरी. हा पेच अजून कुणी पूर्ण सोडवलेला नाही.

वाहिन्यांचा वेगही पाहावा. अनुकूल स्थितीत नव्या केशवाहिन्या दिवसाला मिलिमीटरभराहून कमीच सरकतात. किरणोपचार झालेल्या छातीत बारीक वाहिन्यांची भिंत जाड होऊन त्या बंद पडलेल्या असतात, तंतूमयता वाढलेली असते. तिथे हा वेग आणखी घटतो. म्हणून शल्यचिकित्सक अशा जागी वपा, म्हणजे पोटातले चरबीचे रक्तवाहिन्यांनी भरलेले पदर, देठासकट वर आणून नळीभोवती गुंडाळतात. युक्ती जुनी आणि चांगली. पण वपा रक्त आणते ते भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंतच.

आतली बाजू म्हणजे बाहेरची बाजू

कृत्रिम सांधा, हाडातला स्क्रू, हृदयाची झडप: ही रोपणे पूर्णपणे शरीराच्या आत, निर्जंतुक जागेत असतात. श्वासनलिकेचे तसे नाही. तिची आतली पोकळी तोंडावाटे थेट बाहेरच्या हवेला उघडी आहे. प्रत्येक श्वासाबरोबर जिवाणू येतात. रोपणाच्या पृष्ठभागावर आधी कोण बसणार, शरीराची पेशी की जिवाणू, ही एक शर्यत असते. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये ती नेमक्या याच शब्दात मांडली होती. हाडात ही शर्यत शरीर जिंकू शकते, कारण जिवाणू तिथे मुळात थोडेच असतात. श्वासनलिकेत उघडे प्लास्टिक ठेवले की निकाल पहिल्याच दिवसांत लागतो. जिवाणू चिकट पटल विणतात आणि त्या पटलाखाली प्रतिजैविके नीट पोचत नाहीत.

निरोगी नलिका यावर जो उपाय करते तो पाहण्यासारखा आहे. अस्तरातल्या प्रत्येक केसाळ पेशीवर सुमारे २०० सूक्ष्म केस असतात, ते सेकंदाला १० ते १५ वेळा एका दिशेने झटकले जातात आणि श्लेष्माचा थर मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने घशाकडे सरकत राहतो. हा सरकता पट्टा मधे कुठेही तुटून चालत नाही. सात-आठ सेंटिमीटर प्लास्टिक आले की खालून आलेला श्लेष्मा त्याच्या काठाशी येऊन थांबतो, सुकतो, त्याचे बूच बनते.

मग खोकून तो बाहेर का निघत नाही? कारण खोकल्यातही श्वासनलिकेची रचना काम करते. कूर्चेची कडी मागच्या बाजूला उघडी असतात. तिथे फक्त स्नायूचा मऊ पडदा असतो. खोकताना छातीतला दाब वाढतो, तो पडदा आत फुगतो, नळी अरुंद होते आणि अरुंद जागेतून हवेचा वेग प्रचंड वाढतो. श्लेष्मा उडतो तो या वेगामुळे. सगळीकडून सारखी ताठ, गोल नळी असे आकुंचन करू शकत नाही. तिच्यात खोकला जोरदार येतो, पण कफ जागचा हलत नाही.

आता अस्तर दोन्ही टोकांकडून सरकत आले तर? येते, पण ते पोसलेल्या, रक्ताळ पायावरच पुढे जाते. जिथे पाया प्लास्टिकचा आहे तिथे ते काठाशी अडते, आणि अडलेल्या काठावर सततच्या जळजळीने ग्रॅन्युलेशनचा मांसल, सहज रक्त गळणारा उंचवटा वाढतो. तो पोकळीत घुसतो. त्रिज्या घटली की नळीतला अडथळा तिच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो: २० मिलिमीटर व्यास १० वर आला की हवेला होणारा विरोध १६ पट. साधारण ८ मिलिमीटरला चालताना धाप लागते, ५ ला बसल्या जागी शिट्टीसारखा आवाज येतो.

जोड

रोपणाच्या अपयशाची पहिली खूण बहुतेक वेळा मधल्या भिंतीत दिसत नाही. ती जोडाशी दिसते. जिवंत श्वासनलिका मान मागे टाकली की लांबते, श्वासागणिक हलते, गिळताना वर सरकते. प्लास्टिक वेगळ्या प्रमाणात ताणले जाते. हा सगळा फरक टाक्यांच्या ओळीवर येतो. जिवंत ऊती जिवंत ऊतीला जोडली तर दोन आठवड्यांत जखम भरून टाक्याचे काम संपते. ऊती प्लास्टिकला जोडली तर जखम कधीच भरत नाही, कारण भरून यायला दुसऱ्या बाजूला कुणी नाही; टाका आयुष्यभर भार वाहतो आणि हळूहळू मऊ बाजूची ऊती कापत जातो. फट पडते. फटीतून हवा आणि जिवाणू छातीच्या मधल्या पोकळीत जातात. समोर हाताकडे व मेंदूकडे जाणारी मोठी धमनी असते, मागे अन्ननलिका. कडक काठ या दोहोंपैकी कशालाही घासून भोक पाडू शकतो. धमनीला भोक पडले तर रुग्णाला वाचवायला काही मिनिटेच मिळतात.

प्रत्यक्षात काय घडले

‘लॅन्सेट’मधल्या अहवालात पाच महिन्यांनंतरची स्थिती अशी नोंदवली होती: मोठी गुंतागुंत नाही, जोड मोकळे, आत रक्तवाहिन्या असलेले नवे अस्तर, काही भागावर जवळजवळ निरोगी पेशीथर. कॅरोलिन्स्काच्याच चार डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी चाळल्या आणि त्या या वर्णनाशी जुळत नसल्याचे २०१४ मध्ये कळवले. उप्साला येथील बेंग्ट गेर्डिन यांनी संस्थेसाठी केलेल्या चौकशीत २०१५ मध्ये हेच निष्पन्न झाले. रुग्णाच्या जोडाशी फट पडली होती, वारंवार ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासमार्गात दुर्बीण घालून, ग्रॅन्युलेशन काढावे लागत होते, स्टेंट, म्हणजे मार्ग उघडा ठेवणारी आधाराची नळी, घालावा लागला होता. मृत्यूनंतर नळी सुटलेली आढळली.

दुसऱ्या रुग्णावर त्याच रुग्णालयात नोव्हेंबर २०११ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तिसऱ्या रुग्णावर ऑगस्ट २०१२ मध्ये. मधल्या काळात साहित्य बदलले होते: पॉस-पीसीयूऐवजी पीईटी (पॉलिएस्टर जातीचे प्लास्टिक) आणि पॉलियुरेथेनच्या अतिसूक्ष्म तंतूंचे, विजेच्या दाबाने कातलेले जाळे. तंतूंचे जाळे सूक्ष्मदर्शकाखाली शरीराच्या स्वतःच्या कोलॅजनच्या जाळ्यासारखे दिसते, म्हणून ते आकर्षक. पण दाट कातलेल्या जाळ्यात तंतूंमधल्या फटी पेशीपेक्षाही लहान राहतात. पेशी वर पसरतात, आत शिरत नाहीत. साहित्य बदलले, रक्ताचा प्रश्न होता तिथेच राहिला. दुसरा रुग्ण काही महिन्यांत गेला. तिसऱ्या रुग्णाचा, विशीतल्या तरुणीचा, श्वासमार्ग दर काही तासांनी नळीने ओढून साफ करावा लागे. शंभराहून अधिक प्रक्रिया सोसून ती २०१७ मध्ये वारली. रशियात क्रास्नोडार येथे आणि अमेरिकेत पिओरिया येथेही अशा नळ्या बसवल्या गेल्या. अमेरिकेतली रुग्ण जन्मतः श्वासनलिका नसलेली, तीन वर्षांचीही न झालेली मुलगी होती. ज्ञात आठ रुग्णांपैकी सात वारले; जो वाचला त्याची नळी काढून टाकावी लागली होती.

पहिला शोधनिबंध ‘लॅन्सेट’ने २०१८ मध्ये मागे घेतला. २०२३ मध्ये स्टॉकहोमच्या अपील न्यायालयाने मॅकियारिनींना तीन रुग्णांबाबत गंभीर शारीरिक इजेसाठी अडीच वर्षांची कैद सुनावली.

या सगळ्याआधीचा, २००८ मधला बार्सिलोनाचा प्रयोग इथे विसरता कामा नये. तिथे मृत दात्याची श्वासनलिका सहा आठवडे धुऊन पेशीमुक्त केली, तिच्यावर रुग्णाच्या पेशी चढवल्या आणि ती डाव्या श्वसनीच्या जागी बसवली. साहित्य तिथे निसर्गाचेच होते: कोलॅजन, कूर्चेचा साचा, सगळे. तरी तो भाग आकसत गेला, स्टेंट लागला आणि अखेर रुग्णाचे डावे फुप्फुस काढावे लागले. प्लास्टिक बदलून निसर्गाचा साचा आणला तरी रक्ताशिवायचा साचा तो रक्ताशिवायचाच.

कोणती चाचणी काय सांगते

रोपणाच्या साहित्याला आयएसओ १०९९३ या मानकमालिकेतून जावे लागते. तिचा पाचवा भाग पेशींवरचा विषारीपणा तपासतो, सहावा भाग प्राण्यात रोपण केल्यावर आसपासच्या ऊतीवर होणारा परिणाम. पाचव्या भागात उत्तीर्ण होणे म्हणजे साहित्यातून विष पाझरत नाही, इतकेच. ससा किंवा उंदराच्या स्नायूत तुकडा ठेवून पाहणे म्हणजे निर्जंतुक, रक्ताळ जागेत त्याचे काय होते ते पाहणे. यातले काहीही श्वासनलिकेबद्दल बोलत नाही.

श्वासनलिकेसाठी प्रश्न विचारायचा तर मेंढी किंवा डुक्कर हवे, त्यांच्या नळीचा पूर्ण घेर कापलेला हवा, लांबी निदान चार-पाच सेंटिमीटर, आणि पाहणी सहा महिने. फक्त समोरच्या बाजूला ठिगळ लावले तर ते तिन्ही बाजूंच्या जिवंत अस्तराने झाकले जाते आणि यशस्वी ठरते. जपानमध्ये कोइची ओमोरी यांच्या गटाने पॉलिप्रॉपिलिनची जाळी आणि कोलॅजन स्पंज वापरून असे ठिगळ माणसात बसवले होते. ठिगळाच्या यशावरून पूर्ण नळीचा अंदाज बांधता येत नाही. स्टॉकहोममध्ये पहिली नळी बसवण्याआधी मोठ्या प्राण्यात पूर्ण घेराची, पेशी पेरलेली, त्या साहित्याची नळी टिकल्याचा पुरावा हाती नव्हता. सगळ्या प्रकरणात चीड आणणारी गोष्ट कोणती, असे विचारले तर ही. चार मेंढ्यांनी सहा महिन्यांत उत्तर दिले असते.

आणि ‘अस्तर आले’ हा दावा कसा तपासायचा? ब्रॉन्कोस्कोपीत ओलसर गुलाबी दिसले म्हणजे अस्तर नव्हे. ग्रॅन्युलेशनही ओले आणि गुलाबीच दिसते. नळीच्या मध्यातून, काठापासून निदान दोन सेंटिमीटर आतून बायोप्सी हवी. तिच्यात रंगवून पाहायच्या तीन खुणा पुरेशा बोलक्या असतात: सायटोकेराटिन म्हणजे पेशी आवरणाच्या आहेत, ॲसिटिलेटेड ट्युब्युलिन म्हणजे त्यांना केस आहेत, सीडी३१ म्हणजे खाली केशवाहिन्या आहेत. तुकडा काठाजवळून घेतला तर तिन्ही चाचण्या रुग्णाच्या मूळ नलिकेचे अस्तर दाखवतील आणि सगळे खूश होतील.

रक्तापासून सुरुवात करणारे

बेल्जियममधल्या लुव्हेनचे पिएर डेलारे मॅकियारिनींचे सुरुवातीपासूनचे टीकाकार. त्यांनी स्वतः उलट्या टोकाने सुरुवात केली होती. दात्याची श्वासनलिका आधी रुग्णाच्या कोपराखालच्या हातात, रक्ताळ पदरात गुंडाळून ठेवली, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, आत रुग्णाच्याच तोंडातले अस्तर चिकटवले आणि सुमारे चार महिन्यांनी ती आपल्या नव्या धमनी-शिरेसकट मानेत हलवली. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. संथ, किचकट, आणि प्रत्येक टप्पा हातावर डोळ्यांनी पाहता येणारा. नळी हातात मेली तर रुग्ण मरत नाही.

पॅरिसचे इमॅन्युएल मार्टिनो यांनी वेगळाच साचा घेतला: गोठवून जपलेली दात्याची महाधमनी, आत आधाराला स्टेंट. २०१८ मध्ये त्यांनी १३ रुग्णांचा अहवाल दिला. सुमारे चार वर्षांच्या मध्यक पाठपुराव्यात १० जिवंत होते, आणि आठ जणांचा स्टेंट सरासरी दीड वर्षाने काढता आला. धमनीची भिंत पातळ, मऊ, आसपासच्या ऊतीला चटकन चिकटणारी. या पद्धतीत नळी मोकळी ठेवायचे काम स्टेंट करतो आणि शरीराला भिंत बांधायला वेळ मिळतो. स्टेंट काढता येतो, ही तिची सगळ्यात मोलाची बाजू. जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात एरिक जेंडन यांच्या चमूने तर दात्याची श्वासनलिका तिच्या बारीक वाहिन्यांसकट काढून त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली थेट रुग्णाच्या वाहिन्यांना जोडल्या. बक्षीस: पहिल्या दिवसापासून रक्त. किंमत: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, आणि म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला ही वाट जवळपास बंद.

आपल्याकडच्या रुग्णाला

भारतात लांब श्वासनलिका निकामी होण्याचे नेहमीचे कारण कर्करोग नसते. अतिदक्षता विभागात बरेच दिवस नळी घालून ठेवलेली असते, तिचा फुगा भिंतीवर केशवाहिन्यांच्या दाबापेक्षा, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापेक्षा, जास्त फुगवलेला राहतो, अस्तर मरते आणि काही आठवड्यांनी तिथे वळ, म्हणजे आकसणारा व्रण, आवळत जातो. हीसुद्धा रक्त अडल्याचीच गोष्ट. फुग्याचा दाब मापकाने दर पाळीत मोजून २० ते ३० मध्ये ठेवला तर यातले पुष्कळ रुग्ण तयारच होत नाहीत.

जे होतात त्यांच्या नातेवाइकांना ‘मूळपेशींनी नवी नळी’ अशी जाहिरात दिसली, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे दाखवावीत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारे अस्थिमज्जेचे रोपण सोडले तर मूळपेशींचा कुठलाही उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर देता येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

वळ आखूड असेल तर कापून जोडणे, हाच पहिला आणि टिकाऊ उपाय. लांब असेल, किंवा शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर विल्यम माँटगोमेरी यांनी १९६० च्या दशकात आणलेली सिलिकॉनची टी-ट्यूब. तिचा उभा भाग श्वासनलिकेत, आडवा मानेतून बाहेर. बाहेरचे तोंड बूच लावून बंद ठेवायचे, म्हणजे श्वास नाकातून ओला होऊन येतो आणि आवाजही फुटतो. उघडे ठेवले की कफ सुकून नळीत चिकटतो. दिवसातून दोनदा काही मिलिलिटर सलाइन सोडून बारीक नळीने ओढून घ्यायचे. टोकांशी ग्रॅन्युलेशन येतेच, म्हणून तपासणीला येत राहायचे. ही नळी शरीरात रुजत नाही, रुजेल असे तिच्याबद्दल कुणी सांगतही नाही. कफाने किंवा जिवाणूंच्या पटलाने खराब झाली की काढून नवी घालतात.